त्या उजाड माळावर काय पाहायचे?

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यात, मी राहते. लंडन, बाथ आणि स्टोनहेंज करून आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी डार्टमूर दाखवायला नेते, तेव्हा थोड्याच वेळात ठरलेला प्रश्न येतो : इथे ना देऊळ, ना किल्ला, धड सावलीला झाडही नाही, मग तुम्ही वर्षानुवर्षे या माळावर चालता ते काय पाहायला? सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला असे वाटणे साहजिक आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले.

डार्टमूर म्हणजे सुमारे ९५४ चौरस किलोमीटरचे ग्रॅनाइटचे पठार. १९५१ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचा सर्वांत उंच माथा, हाय विल्हेज, ६२१ मीटरचा आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. परंतु अटलांटिकवरून येणारे पाऊस, वारे आणि धुके थेट या पठारावर आदळत असल्यामुळे एवढ्याशा उंचीवरही हवामान अत्यंत कठोर असते. माथ्यांवर उघड्या पडलेल्या कातळांच्या राशींना येथे टॉर म्हणतात. उतारांवर गवत, हेदर, काटेरी गॉर्स आणि ब्रॅकन नावाचे नेचे, तर सखल जागी पाण्याने फुगलेले काळे पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाहुण्यांना हा सारा देखावा आदिम वाटतो आणि निसर्गाने हा माळ असाच घडवला असावा, अशी त्यांची समजूत होते.

प्रत्यक्षात येथे एकेकाळी ओक, बर्च आणि हेझल यांचे रान होते. मध्याश्मयुगातील शिकाऱ्यांनी ते जागोजागी जाळले, पुढे आलेल्या शेतकऱ्यांनी गुरांसाठी आणि पिकांसाठी ते तोडले. झाडांचे छत्र गेल्यावर सततच्या पावसाने मातीतला कस धुऊन नेला, जमीन आम्ल होत गेली आणि पीट वाढत राहिले. म्हणजे हा उजाडपणा मोठ्या प्रमाणात माणसाने आणलेला आहे. आणि नांगराच्या दृष्टीने ही जमीन निकामी ठरल्यामुळेच, सुपीक खोऱ्यांत केव्हाच पुसल्या गेलेल्या माणसांच्या खुणा या माळावर टिकून राहिल्या. या खुणांसाठीच मी येथे चालते.

हिवाळ्यात दुपार कलल्यावर रिपन टॉरच्या परिसरात उभे राहिले, तर समोरच्या उतारांवर गवताखाली दबलेले लांबच लांब, एकमेकांना समांतर उंचवटे दिसू लागतात. जवळ जाऊन पाहावे तर गुडघाभर उंचीचा, दगडमातीचा, हिरवळीने झाकलेला बांध. चालताना सहज ओलांडून जावा असा. यांना रीव्ह म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना ते ठाऊक होते, पण त्यांचा खरा काळ आणि आवाका उलगडला तो १९७० च्या दशकात, अँड्र्यू फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बांध मैलोन्‌मैल पायी फिरून तपासले तेव्हा. हे कांस्ययुगातील, इसवी सनापूर्वी साधारण सोळाव्या शतकाच्या सुमाराचे, शेतांचे बांध निघाले. चढ आला, ओढा आला, दरी आली, तरी ते आपली दिशा सोडत नाहीत. मला यातील सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते की, एवढ्या मोठ्या प्रदेशाची अशी आखणी करायची तर शेजाऱ्याशेजाऱ्यांत काहीतरी सामाईक ठरावे लागते. बांध कोरण्यावरून पिढ्यानुपिढ्या कोर्टात जाणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत; साडेतीन हजार वर्षांपूर्वी, लेखी कागद नसताना, इथल्या लोकांनी हे कसे जमवले असेल, या विचारात माझी तासन्‌तासांची चाल गेलेली आहे.

त्यांची घरेही पाहता येतात. ग्रिम्सपाउंड येथे एका दगडी कोटाच्या आत चोवीस वर्तुळाकार घरांची जोती उरली आहेत. १८९४ मध्ये तेथे उत्खनन झाले. एका घराच्या दाराशी वारा अडवण्यासाठी बाहेर वळवून घेतलेली भिंत अजून उभी आहे, आणि त्या आडोशाला बसले की वाऱ्याचा जोर खरोखरच कमी होतो.

पुढे हवा थंड व ओली होत गेली तसा माळ ओस पडला. मध्ययुगात माणसे पुन्हा वर आली. हाउंड टॉरच्या पायथ्याशी त्या काळातील गावाचे अवशेष आहेत : लांबट घरे, वरच्या अंगाला माणसे आणि उताराच्या अंगाला गुरे, दोघांचा दरवाजा एकच. कोकणातल्या किंवा देशावरल्या जुन्या घरात गोठा पाहिलेल्या माणसाला येथे काही समजावून सांगावे लागत नाही. या गावातल्या कोठारांत धान्य वाळवण्याच्या भट्ट्या सापडल्या; पीक शेतात वाळेनासे झाले होते याचा हा बोलका पुरावा. १३४८ च्या प्लेगच्या महामारीनंतर खालच्या सुपीक गावांतही जमिनी मोकळ्या पडल्या, तेव्हा एवढ्या उंचावर झगडत राहण्याचे कारण उरले नसावे.

माळावरची आणखी एक वाट मला फार अस्वस्थ करते. माळाच्या मध्यभागी राहणाऱ्या कुटुंबांचे चर्च लिडफर्डला होते, त्यामुळे मृतदेह खांद्यावरून किंवा घोड्यावरून सुमारे १९ किलोमीटर, नद्या आणि दलदली ओलांडून न्यावा लागे. १२६० मध्ये एक्सेटरचे बिशप ब्रॉन्सकोम यांनी काही वस्त्यांना जवळच्या विडेकोम येथे अंत्यविधी करण्याची सवलत दिली. लिडफर्डकडची ती वाट, लिच वे, आजही नकाशावर आहे.

आणि मग ग्रॅनाइट. हेटॉरजवळ गवतात दोन समांतर दगडी पट्ट्या दिसतात. १८२० मध्ये जॉर्ज टेम्पलर यांनी सुरू केलेला हा ट्राममार्ग असून त्याचे रूळच ग्रॅनाइटचे आहेत. प्रत्येक चिरा एका कडेने कोरून चाकासाठी खाच ठेवलेली. भरलेल्या गाड्या उताराने खाली कालव्यापर्यंत जात आणि रिकाम्या गाड्या घोडे वर ओढून आणत. १८३१ मध्ये खुल्या झालेल्या लंडन ब्रिजसाठी येथून दगड गेला. तो पूल १९६८ मध्ये विकला गेला आणि त्याचे दर्शनी चिरे अमेरिकेत ॲरिझोनाला पोहोचले. माळाच्या पश्चिमेला, स्वेलटॉरच्या खाणीपाशी, १९०३ मध्ये त्याच पुलाच्या रुंदीकरणासाठी घडवलेल्या दगडी तोड्या, म्हणजे भार पेलण्यासाठी भिंतीबाहेर काढलेले दगड, रांगेने पडून आहेत. कडा रेखीव, घडण पूर्ण, फक्त नेणे राहून गेलेले. शेजारच्या फोडलेल्या दगडांवर पाचरांसाठी पाडलेल्या भोकांचे अर्धे पन्हळ ओळीने दिसतात, त्यांत बोट घालून पाहता येते. कोणा पाथरवटाचे दिवसाचे काम तेवढ्या ओळीत मोजता येते. त्याचे नाव कुठेही कोरलेले नाही, म्हणून मी तिथे थोडा वेळ थांबते.

तेव्हा तुम्ही याल तर ऑगस्टात, हेदर फुलल्यावर, येण्याचा मोह टाळा. फेब्रुवारीत या. तेव्हा ब्रॅकन मरून झोपलेले असते आणि सूर्य खाली असल्याने बांधांच्या सावल्या लांब पडतात. ऑर्डनन्स सर्वे या ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या संस्थेचा कागदी नकाशा सोबत असू द्या. त्यावर पुराणअवशेष वेगळ्या, जुन्या वळणाच्या अक्षरांत छापलेले असतात. चरण्याच्या पिढीजात हक्काने सोडलेली गुरे आणि तट्टे माळावर हिंडत असतात, त्यांच्यापासून अंतर ठेवा. ती चरतात म्हणून ब्रॅकन आटोक्यात राहते, आणि ब्रॅकनच्या मुळ्या जमिनीखालचे अवशेष पोखरतात. जोत्यांवरचा एकही दगड हलवू नका, त्याची लगोरीही रचू नका.