तुम्ही विचारलंत म्हणून : तक्त्यातला शेवटचा रकाना

"मॅडम, मोठीच्या वेळी तुम्ही तो घरचा तक्ता करून घेतला होता, मग धाकट्याच्या वेळी का नाही?"

हा प्रश्न मला पालकसभेत विचारून झाला, नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मेथीची जुडी हातात असताना विचारून झाला, आणि एकदा लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन ताटकळत उभा असताना. नव्याने रुजू झालेले शिक्षक जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. सगळीकडे कृतीतून शिकवा म्हणतात आणि तुम्ही चांगला चाललेला उपक्रम बंद केला? आजवर मी "वेळ पुरत नाही" असं सांगत आले. ते खोटं आहे. वेळ काढला असता तर मिळाला असता.

ज्यांनी तो तक्ता पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आनुवंशिकतेचा धडा येतो नववीत, पण आठवीत पेशी शिकवताना केंद्रकापाशी आलं आणि गुणसूत्र हा शब्द उच्चारला की मुलं थांबत नाहीत. मग मी एक कागद द्यायचे. आडव्या ओळीत आजी, आजोबा, आई, बाबा, भावंडं, मी. उभ्या रकान्यांत जीभ नळीसारखी वळते का, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, अंगठा मागे वाकतो का. मुलं घरी जाऊन सगळ्यांना जिभा बाहेर काढायला लावायची. एका आजोबांनी कवळी काढून ठेवून प्रयत्न केला होता, ते त्यांची नात महिनाभर सांगत होती. मजा यायची, नाही कशाला म्हणू? आपल्याकडे मूल जन्मल्याच्या दिवसापासून "कोणावर गेलंय" याचा निकाल लागत असतो. मी त्याला फक्त रेघा आखून दिल्या होत्या.

शेवटचा रकाना रक्तगटाचा. तो कुठल्याही पुस्तकातला नाही, माझा स्वतःचा. जीभ आणि कान म्हणजे गंमत, पण रक्तगट म्हणजे खरं विज्ञान, असं मला वाटायचं. शिवाय सोय होती. शाळेच्या ओळखपत्रावर फोटोखाली रक्तगट छापलेला असतोच. मी फळ्यावर चौकट काढायचे. ओ आणि बी आईवडील असले तर मूल ओ किंवा बी, एबी आणि ओ असले तर मूल ए किंवा बी. आणि खडू ठेवताना एक वाक्य टाकायचे, "रक्तगट खोटं बोलत नाही." वर्षानुवर्षं टाकलं ते वाक्य. टाळ्या मिळायच्या अशा जागी.

हेही सांगून टाकते की बाकीचे धडे मी अजूनही तसेच शिकवते. कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब, दोन सूक्ष्मदर्शक, त्यातल्या एकाचा आरसा तडकलेला. पेशी म्हटल्यावर दरवर्षी एक तरी मुलगा विचारतो, "मॅडम, पेशी तं कोर्टात असते ना?" हायकोर्टाचं खंडपीठ असलेल्या गावात हा विनोद जुना होणार नाही. संत्र्याच्या फोडीतले रसाचे दाणे दाखवून "ही एक एक पेशी ना?" असंही विचारतात. नाही बाबा, त्या एकेका दाण्यात कितीतरी पेशी आहेत. आणि द्रव्याचं संघटन शिकवताना तर मी निर्धास्त असते. मीठपाणी मिश्रण आहे की संयुग, यावरून कुठलीही आजी सुनेला बोलत नाही.

२०१८ चा ऑगस्ट. मधल्या सुट्टीनंतरचा तास, अठ्ठावन्न मुलं, पाऊस पडून गेलेला आणि वर्गात ओल्या दप्तरांचा वास. तक्ते भरून आले होते. मी फळ्यावर चौकटी काढल्या, ते वाक्य टाकलं, आणि सांगितलं की आपापला तक्ता जुळवून बघा. शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. अक्षर इतकं बारीक की वही डोळ्यांजवळ न्यावी लागायची. तिच्या शेजारच्या रांगेतल्या मुलाने मान लांब करून तिचा कागद वाचला आणि ओरडला, "मॅडम, हिचं तं जमूनच नाही राहिलं!"

मी गेले. कागद उचलला. बाबा ओ, आई बी, मी ए. ओळखपत्र बघितलं, तिथेही ए पॉझिटिव्ह. आणि मी म्हणाले, "असं होऊच शकत नाही. घरी नीट विचारून ये."

मला म्हणायचं होतं की तक्ता चुकला असेल. मी शपथेवर सांगते, तेवढंच म्हणायचं होतं. पण वर्गात "असं होऊच शकत नाही" एवढंच ऐकू गेलं. क्षणभर शांतता, मग मागून कुणीतरी, "मंग हे कोणाची?" आणि हशा. मी डस्टर टेबलावर आपटलं, त्या मुलाला उभं केलं, द्रव्याचा प्रश्न विचारून विषय बदलला. ती खाली बघून कागदाची घडी घालत होती. चार घड्या, मग आठ, मग कागद वळेना तरी घालतच होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाऊस आहे, ताप असेल, असं मी मनाशी म्हटलं. सोयीचं होतं. मैत्रिणीला विचारलं तेव्हा ती बुटाकडे बघत म्हणाली, "तिच्या घरी भांडण होऊन राहिलं मॅडम."

पाचव्या दिवशी तिचे वडील आले. फरशी बसवायचं काम करायचे, नखांच्या कडांना सिमेंट. चपला दाराबाहेर काढून ते शिक्षककक्षाच्या उंबऱ्याशी उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी तीन कागद काढून माझ्यापुढे धरले.

"तपासून आणलं जी. तिघाहीचं."

बाबा ओ. आई बी. मुलगी बी. तिन्ही पॉझिटिव्ह. सगळं माझ्या चौकटीत अगदी व्यवस्थित बसत होतं. ओळखपत्रावरचा ए कुठून आला? प्रवेशाच्या वेळी अर्जात रकाना रिकामा होता, कारकुनाने काहीतरी लिहा म्हटलं, यांनी भावाच्या मुलीचा आठवत होता तो सांगितला. बस.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "मले काही डाउट नव्हता, मॅडम. पोरगी माही आहे. पण घरी म्हातारीले कागद दाखवा लागला." आणि थोडं थांबून, "दोन दिवस काम बुडलं." तक्रारीच्या सुरात नाही, हिशेब सांगावा तसं.

त्या पाच दिवसांत त्या घरात तिच्या आईला काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे मला आजही माहीत नाही. ती शाळेत आली नाही. त्यानंतरच्या एकाही पालकसभेला आली नाही. मुलगी सोमवारपासून पुन्हा त्याच बाकावर. तिने माझ्या तासाला हात वर करणं सोडलं. दहावीपर्यंत.

स्टाफरूममध्ये मात्र ही गोष्ट सुखान्त ठरली. कार्ड चुकलं होतं, रिपोर्ट बरोबर आला, चला. मीही काही दिवस तशीच सांगायचे, शेवटी कारकुनाच्या नावाने हसून. मग एका रात्री डोक्यात आलं की रिपोर्टवर ए आला असता तर? तरी मी हसून सांगितलं असतं का?

आणि तसा तो येऊ शकतो. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत एक दुर्मिळ रक्तगट शोधला, म्हणून त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. अशा माणसाचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसतं, पण त्याच्या जनुकांत ए किंवा बी लपलेला असू शकतो आणि तो मुलात उघड होतो. म्हणजे ओ दिसणारा बाप, बी आई आणि ए मुलगी हे अगदी कायदेशीर घर असू शकतं. आपल्याच राज्यात सापडलेली गोष्ट, पण माझ्या फळ्यावरच्या चौकटीत तिला जागा नव्हती.

लॉकडाउनमध्ये शोधत बसले तर जीभ आणि कानही हातचे गेले. जीभ वळणं हे एका जनुकाचं काम, असं १९४० मध्ये जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने मांडलं होतं. १९५२ मध्ये एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तर सात जोड्यांत एकाची जीभ वळते, दुसऱ्याची नाही. १९६५ मध्ये खुद्द स्टर्टेव्हंटने लिहिलं की हे उदाहरण अजून सिद्ध म्हणून छापलेलं बघून आपल्याला संकोच वाटतो. कानाच्या पाळीचं तर २०१७ मध्ये सुमारे ७५ हजार लोकांवर काम झालं आणि तिच्यावर परिणाम करणाऱ्या जनुकसंचातल्या ४९ जागा सापडल्या. मी मात्र आठ-नऊ वर्षं मुलांना "सुटी पाळी प्रभावी, चिकटलेली अप्रभावी" लिहून देत होते आणि वर बरोबरची खूण करत होते.

माझ्यातली जुनी शिक्षिका इथे भांडायला उठते. ती म्हणते, मग शिकवूच नकोस काही. प्रत्येक सोप्या गोष्टीला अपवाद असतात. वस्तुमान टिकतं हे सांगतानाही तू पुढच्या गोष्टी लपवतेसच ना? शिवाय सत्याची भीती बाळगणारी विज्ञानशिक्षिका काय कामाची? तिला माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच म्हणते की मिठाची पुडी घरी जाऊन कुणाच्या आईला जाब विचारत नाही. आणि त्या वर्गात दत्तक मूल असतं तर? ते कधी आणि कोणी सांगायचं, हे त्या घराने ठरवायचं. माझ्या रकान्याने नाही.

तक्त्याऐवजी आता काय करते, तर राजमा आणि चवळी. दोन वाट्या, प्रत्येकीत निम्मे निम्मे दाणे. एक वाटी आई, एक बाबा, दोघेही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत, पण तो मुलांत जाऊ शकतो. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक दाणा काढायचा, बघायचा, परत टाकायचा. दोन राजमे आले तर निरोगी, एक-एक आला तर वाहक, दोन चवळ्या आल्या तर आजार. विदर्भात हे शिकवायचं नाही तर कुठे? १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं होतं. माझ्या मुलांच्या घरी कार्डं आहेत, पण कार्डावरच्या एएसचा (म्हणजे वाहक) अर्थ घरात कुणाला धड माहीत नसतो. चार मुलं झाली तर एकच आजारी होणार, असं मोठी माणसंसुद्धा समजतात. दाणे काढायला लागलं की एखाद्या जोडीला चार वेळांत एकदाही दोन चवळ्या येत नाहीत आणि दुसऱ्या जोडीला तीनदा येतात. तेव्हा वर्ग गप्प होतो. प्रत्येक वेळी वाटी नव्याने हलते, मागचं तिला आठवत नसतं.

पण यातही मी धुतल्या तांदळाची नाही. मागच्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. "मॅडम, माझं एएस आहे. आई म्हणते कोणाले सांगू नको, लग्न नाही जुळत." मी सांगितलं की एएस म्हणजे आजार नव्हे, लग्नाआधी समोरच्याचं तपासायचं, एवढंच. ती "हो जी" म्हणाली. बरोबरच सांगितलं मी. पण माझ्या वाट्यांनी तिच्या आईची गोष्ट पुन्हा वर्गातच आणली होती ना?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. उपक्रम बंद केला म्हणून प्रश्न बंद झाला, असं मात्र समजू नका. कार्डं गळ्यातच असतात. यंदा जुलैमध्ये आठवीतला एक मुलगा डबा खाऊन हात न धुताच आला. "मॅडम, बाबांचा एबी आहे आन् माझा ओ. चालते का?"

मी विचारलं, कार्ड कोणी भरलं?

"आईनं."

"रिपोर्ट असल्याशिवाय मी गणित करत नाही," मी म्हणाले.

"आणू का रिपोर्ट?"

नको, म्हणाले मी. एकवीस वर्षं मुलांना पुरावा बघा, पुरावा बघा म्हणत आले, आणि त्याला आणू नको म्हणाले. तो "बरं" म्हणून गेला. आणेल की काय, कोण जाणे.