वहीतला तिसरा रकाना

28 मे, रात्री साडेअकरा

बाबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून लिहितेय. सलाइनची दुसरी बाटली अर्ध्यावर आलीय. ताप उतरलाय, श्वास शांत आहे. मघाशी डोळे उघडून त्यांनी मला माझ्याच नावाने हाक मारली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतला, चौथा दिवस. सकाळी पावणेअकराला बाबा बर्डीवर निघाले, बँकेत पासबुक भरून आणायला. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. अठ्ठ्याहत्तर उन्हाळे नागपुरात काढलेल्या माणसाला कोण अडवणार! बारा वाजून दहा मिनिटं झाली असतील. मी पन्ह्यासाठी कैऱ्यांचा गर काढत होते आणि हात थांबला. पोटात गोळा आला. डोळ्यांसमोर काही दिसलं नाही, कानात काही ऐकू आलं नाही. नुसतं ‘बाबा’, एवढंच. फोन लावला, त्यांनी उचलला नाही. गॅस बंद केला आणि गाडी काढली.

व्हरायटी चौकाच्या अलीकडे एका रसवंतीच्या बाकावर बसले होते. घामाचा थेंब नाही. कातडी कोरडी, चटका बसावा इतकी तापलेली. आणि मला सासूबाईंच्या नावाने हाक मारत होते. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. रसवंतीवाल्याने बर्फाच्या पाण्याची बादलीच पुढे ठेवली. दुपट्टा भिजवून मानेला, काखेत लावत राहिले. पूर्ण भानावर नव्हते, म्हणून तोंडात पाणी मात्र घातलं नाही. ठसका लागला असता. त्याच मुलाने ऑटो थांबवला. त्या मुलाचं भलं होवो.

संध्याकाळी माझी लेक चिऊ डबा घेऊन आली, सोबत ही वही.

वही सुरू झाली 23 सप्टेंबर 2023 ला. आदल्या मध्यरात्रीपासून आभाळ फाटलं होतं, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. ताई अंबाझरी ले-आउटमध्ये तळमजल्यावर राहते. छातीभर पाण्यात ती देव्हाऱ्यासमोरच्या टेबलावर उभी होती आणि मी मानेवाड्याला गाढ झोपले होते. लहानपणापासून ‘हिला आधी कळतं’ असं घरात सगळे म्हणायचे. कुणाचा फोन येणार, कोणाकडे काय बिनसलंय, कोण दारात उभं राहणार. आणि त्या रात्री सख्ख्या बहिणीसाठी साधी कूससुद्धा बदलली नाही मी. ते मला फार लागलं. त्या दिवशी तीन रकाने आखले: तारीख आणि वेळ, मनात काय आलं, पुढे काय झालं. नियम असा की आधी लिहायचं, मग काय ते करायचं. तिसरा रकाना बहुतेक वेळा ‘काही नाही’ या दोन शब्दांनीच भरलाय. पण जे खरं ठरलं ते इतकं नेमकं आहे की पान उलटताना अजून अंगावर काटा येतो.

आज नियम मोडला. आधी धावले, आत्ता लिहितेय.

चिऊ मानसशास्त्र शिकते. माझी थट्टा ती कधीच करत नाही. गेल्या दिवाळीत तिने जुन्या लग्नपत्रिका कापून पंचवीस पत्ते केले. वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन, चांदणी, प्रत्येकी पाच. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन असेच पत्ते वापरून लोकांचं अतींद्रिय ज्ञान तपासायचे. नुसत्या अंदाजानेही पंचविसात पाचेक बरोबर येतात. माझे एकदा सहा आले, एकदा चार. मी म्हटलं, पत्त्यांशी माझं नातं काय? ती म्हणाली, “तेच तर आई. नातं असतं तिथं तू बघत असते.”

आज डबा उघडता उघडता तिने गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने नोंदवलेली गोष्ट सांगितली. एका घरात आग विझवताना अग्निशमन दलाच्या प्रमुखाला एकाएकी वाटलं, इथून निघा. माणसं बाहेर पडली आणि जमीन कोसळली. खरी आग खाली तळघरात होती. त्याला स्वतःला ती अतींद्रिय शक्ती वाटत होती. नंतर खोदून विचारल्यावर कळलं की खोली लहान आगीच्या मानाने फार तापली होती आणि आवाज फार कमी होता. शरीराने ते टिपलं होतं.

“तू सकाळी काय काय पाहिलंस?” तिने विचारलं.

आणि सांगताना माझाच आवाज बसला. बाबांनी चहा अर्धा सोडला होता. उशाचा पाण्याचा ग्लास रात्रीपासून भरलेलाच होता. चप्पल घालताना भिंतीला हात टेकला. पायाची सूज उतरावी म्हणून आठ दिवसांपासून लघवीची गोळी सुरू झालीय. हे सगळं मी पाहिलं होतं. मग पावणेअकरालाच तोंडातून शब्द का फुटला नाही?

कारण सून आहे मी. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ‘बाबा, आज जाऊ नका’ असं सरळ म्हणायची सवय नाही.

तेव्हापासून आजी डोळ्यांसमोरून हलत नाही. काटोलकडची. तिच्याकडे आसपासच्या बाया विचारायला यायच्या. तिने कधी नारळसुद्धा घेतला नाही. साप चावलेल्या एका पोराला लोकांनी तिच्यापुढे आणून ठेवलं तेव्हा ओरडली होती, “माह्यापाशी काय दवा हाये? मेडिकलले न्या त्याले!” 2013 च्या हिवाळी अधिवेशनात इथे नागपुरातच जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला आणि साप चावलेल्याला उपचारापासून अडवणं गुन्हा ठरलं, तेव्हा मला तिचा तोच आवाज आठवला होता. आज मात्र दुसरंच आठवतंय. ती साधं म्हणायची, “आज वावरात नोका जाऊ,” तर आजोबा न ऐकल्यासारखे निघून जायचे. “मले रातच्याले सपनात दिसलं,” म्हटलं की थांबायचे. तिला सगळंच स्वप्नात दिसत होतं का, की आभाळ, बैलाची चाल, नवऱ्याचा खोकला पाहून आधीच कळलेलं होतं आणि सांगायला स्वप्नाशिवाय वाट नव्हती?

चिऊचं म्हणणं पटतं. तरी बारा वाजून दहाच मिनिटांनी का, हे माझ्यापाशी उरतंच. ते मी कुणाला देणार नाही.

बाटली संपत आली. नर्सला बोलवून आले.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं: रसवंती, सलाइन दोन, बाबांनी नाव घेतलं. मग पहिल्या रकान्यातलं 12.10 खोडलं नाही, त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं: 10.45, भरलेला ग्लास.