खिशातली सॉर्बिट्रेट आणि ताठरतेची गोळी

हृदयाचा त्रास असलेल्या बऱ्याच पुरुषांच्या शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची छोटी पट्टी असते. छातीत कळ आली की एक गोळी जिभेखाली. लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही गोळी सुरू करायची असेल, तर सगळ्यात आधी हा खिसा तपासायचा. डोस, वेळ, ब्रँड हे सगळं नंतर.

लिंगात रक्त भरतं ते तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणून, आणि त्या सैल पडतात सीजीएमपी नावाच्या रेणूमुळे. पीडीई-५ हे एन्झाइम तो रेणू मोडत असतं. ताठरतेची गोळी त्या एन्झाइमला अडवते. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधं तोच रेणू जास्त तयार करायला लावतात. म्हणजे इकडे नळ पूर्ण सोडला आणि तिकडे मोरीला बोळा लावला. अंगभरच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे, मोनोनायट्रेटच्या रोजच्या गोळ्या हेही याच घरातले. निकोरँडिलचं नाव वेगळं वाटतं म्हणून ते हमखास सुटतं, पण तेही याच यादीत. ‘रोज नाही, लागली तरच घेतो’ ही पळवाट इथे चालत नाही. नायट्रेट असेल तर ही गोळी नाही.

उलट बाजूही आहे. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट नको. छातीत दुखलं की आपल्याकडे घरचे घाईघाईने शेजाऱ्यांकडची सॉर्बिट्रेट आणून जिभेखाली ठेवतात. म्हणून गोळी कधी घेतली हे बायकोला माहीत असलंच पाहिजे. तसं दुखलं तर १०८ला फोन करायचा आणि आलेल्या डॉक्टरला गोळीचं नाव आणि वेळ स्पष्ट सांगायची. तिथे लाजणं परवडत नाही.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा रक्तदाबासाठी प्राझोसिन चालू असेल, तर ते आधी अंगवळणी पडू द्यायचं आणि सिल्डेनाफिल २५ मिलिग्रॅमपासून सुरू करायचं. नाहीतर रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊन पडायची भीती. वय ६५च्या पुढे असेल, यकृत किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल, तरी सुरुवात २५नेच. केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या गोळ्या आणि एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. गेल्या ६ महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल, किंवा रक्तदाब १७०/११०च्या वर अथवा ९०/५०च्या खाली असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञ.

आता घेण्याची पद्धत. ‘गोळी चालली नाही’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांची चूक इथेच असते. सिल्डेनाफिलचा नेहमीचा पहिला डोस ५० मिलिग्रॅम, संबंधाच्या साधारण १ तास आधी. गुण आणि त्रास बघून डॉक्टर तो २५वर उतरवतात किंवा १००वर नेतात. १००च्या वर नाही आणि २४ तासांत एकदाच. मटण-भाकरी चापून किंवा तुपात बुडवलेली पुरणपोळी खाऊन ती घेतली, तर असर जवळजवळ तासभर लांबतो आणि जोरही कमी पडतो. हलकं जेवण करून दोन तास जाऊ द्या. तासाभरात काही झालं नाही म्हणून दुसरी गोळी गिळणं हा तर शुद्ध वेडेपणा. शिवाय गोळी इच्छा निर्माण करत नाही. स्पर्श, उत्तेजना नसेल तर ती नुसती पोटात पडून राहते. दोन-तीन पेगांनंतर रक्तदाबही उतरतो आणि ताठरताही.

टाडालाफिलला जेवणाचं बंधन नाही. गरजेपुरती १० मिलिग्रॅम, असर ३६ तासांपर्यंत. किंवा रोज ठरल्या वेळी ५ मिलिग्रॅम; रक्तातली पातळी स्थिर व्हायला ५ दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी निकाल लावू नका. दोन्हींपैकी कुठलंही असो, नीट पद्धतीने सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्याशिवाय ‘मला लागू पडत नाही’ म्हणू नये. शीघ्रपतनासाठी डॅपॉक्सेटिन घातलेल्या जोडगोळ्याही दुकानात मिळतात. तो त्रास वेगळा आहे, आणि डॅपॉक्सेटिनने भोवळ येऊ शकते. डॉक्टरांनी लिहून दिली नसेल तर घेऊ नका.

डोकं दुखणं, चेहरा तापणं, नाक चोंदणं, छातीत जळजळ हे होतं आणि काही तासांत जातं. सिल्डेनाफिलने काहींना थोडा वेळ निळसर दिसतं. टाडालाफिलने दुसऱ्या दिवशी कंबर, मांड्या भरून येतात. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर गोळी थांबवून लगेच रुग्णालय. ताठरता ४ तासांनंतरही उतरत नसेल तर रात्री दोन वाजतासुद्धा जायचं. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो, पेशी मरतात, आणि मग ताठरता कायमचीच जाते.

गोळीआधी मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्या. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने चोंदणं तिथे आधी जाणवतं. ताठरता कमी होणं ही कधी कधी हृदयाची आगाऊ चिठ्ठी असते. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.

आणि त्या पिशवीत बसस्टँडवर किंवा ऑनलाइन घेतलेली ‘शक्तिवर्धक’ पुडीसुद्धा टाका. वनस्पती म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं वेळोवेळी सापडलं आहे, किती ते लेबलवर नसतं. छातीत दुखतंय म्हणून आणलेल्या माणसाला डॉक्टर ‘काही घेतलंय का?’ विचारतात, तो ‘नाही, फक्त आयुर्वेदिक’ म्हणतो, आणि सॉर्बिट्रेट जिभेखाली जाते.