हर-टू २+, फिश करावे

मी इंदूरच्या एका कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. निमाड, झाबुआ, धार, बुऱ्हाणपूर, सगळीकडून पेशंट येतात आणि माझं काम मुख्यतः कागदांचं: आयुष्मान कार्ड, मंजुरी, जुने रिपोर्ट, परतीच्या बसचं भाडं. ही केसही कागदाचीच.

बुऱ्हाणपूरच्या काकू, वय ५४. डाव्या स्तनाचं ऑपरेशन २०१९ मध्ये झालेलं, मग कीमो, मग रोज लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन रोखणाऱ्या औषधाची, २.५ मिलिग्रॅमची गोळी. काही वर्षं बरी गेली आणि कंबर दुखायला लागली. गावात ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून पट्टा, शेक, दुखण्याची इंजेक्शनं. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईला नव्याने पाठ दुखायला लागली, आडवं पडल्यावर दुखणं वाढलं, रात्री झोप मोडायला लागली, तर आधी एमआरआय करायचा आणि पट्ट्याचं नंतर बघायचं. इथे ते उलटं झालं. एमआरआय झाला तेव्हा दोन मणके आणि कटिहाडाचा भाग धरलेला होता, यकृतातही बारीक डाग होते. मणक्याची बायोप्सी दुसऱ्या एका शहरात झाली. रिपोर्ट आला: ईआर शून्य, पीआर शून्य, हर-टू शून्य. ईआर आणि पीआर हे पेशींतले हार्मोनचे रिसेप्टर, हर-टू हे पेशींवरचं एक प्रथिन. तिन्ही नाहीत म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह: हार्मोनच्या गोळ्या आणि हर-टूवरचं औषध दोन्ही बाद, उरते मुख्यतः कीमो. त्या कागदावर कीमो सुरू करायला त्या आमच्याकडे आल्या, सोबत धाकटी जाऊ.

आमच्या डॉक्टरांनी विचारलं, “२०१९चा रिपोर्ट आहे का?” जाऊबाईंनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून तो काढला. ईआर ८० टक्के, पीआर ४० टक्के, हर-टू २+. आणि शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात: फिश तपासणी करावी.

ती कोणीच केली नव्हती. हर-टूचा आकडा ० किंवा १+ आला तर निगेटिव्ह, ३+ आला तर पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे उत्तर अजून मिळालेलंच नाही. ते फिशमध्ये मिळतं, त्यात पेशीतल्या हर-टू जनुकाच्या प्रती मोजतात. फिशला काही हजार रुपये लागतात. ऑपरेशनचं बिल भरून दमलेलं घर ‘गाठ तर निघाली’ म्हणून तिथेच थांबतं, आणि त्यांना हे समजावून सांगायला त्या वेळी कोणी बसलेलं नसतं. शहरातल्या पैसेवाल्या पेशंटची फिश तपासणी डॉक्टरांच्या एका सहीवर, घरचे विचारायच्या आत होऊन जाते. उपचारातली विषमता मला तरी औषधांच्या किमतीच्या आधी अशा शेवटच्या ओळींत दिसते.

आता हाडाचा रिपोर्ट. परतलेला आजार कधी कधी खरोखर रूप बदलतो, ईआर पॉझिटिव्हचा निगेटिव्ह होतो. पण ८० टक्क्यांवरून एकदम सपाट शून्य, तेही तिन्ही, आणि नमुना हाडाचा, म्हटल्यावर आमच्या पॅथॉलॉजिस्टनी पहिला प्रश्न केला तो ॲसिडचा. हाड कापता यावं म्हणून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. जोरदार ॲसिडात, हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिकमध्ये, ते लवकर होतं, पण पेशींतली प्रथिनं झिजतात आणि डीएनए तुटतो. मग ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि फिश तर लागतच नाही. ईडीटीए या सौम्य रसायनात वेळ जास्त लागतो, पण नमुना टिकतो. त्या लॅबला फोन केला. ॲसिड वापरलं होतं, आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं नव्हतं. एवढी एक ओळ लिहायला किती शाई लागते?

यकृतातून नवा तुकडा घेणं सगळ्यांत चांगलं झालं असतं. पण डाग सेंटिमीटरच्या आतले आणि वरच्या बाजूला होते, सुई पोचणं अवघड. म्हणून २०१९चा ब्लॉक शोधायचं ठरलं.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो ऑपरेशनच्या दवाखान्यात सापडेल असं नातेवाइकांना वाटतं, पण बहुतेक वेळा तो तपासणी करणाऱ्या लॅबकडे असतो. लॅबचं नाव रिपोर्टच्या तळाशी असतं आणि नंबर वर कोपऱ्यात. पेशंटच्या सहीचा अर्ज, ओळखपत्राची प्रत, जुन्या रिपोर्टची प्रत आणि आमच्या डॉक्टरांचं पत्र, एवढं घेऊन घरचं माणूस गेलं तर काम होतं. नुसत्या फोनवर होत नाही. घोटाळा दुसरीकडेच होतो. स्तन काढल्यावर एका ऑपरेशनचे दहा-पंधरा ब्लॉक असतात: गाठीचे वेगळे, स्तनाग्राचा वेगळा, कडांचे वेगळे, काखेतल्या गाठींचे (लसिका ग्रंथींचे) वेगळे. ‘ब्लॉक द्या’ म्हटलं की हाताला येईल तो मिळतो. कडेचा ब्लॉक घेऊन लोक शंभर-दोनशे किलोमीटर येतात आणि त्यात कर्करोगाची पेशीच नसते. म्हणून पत्रात ब्लॉकचा अक्षर-आकडा लिहायचा. तो रिपोर्टच्या वर्णनात सापडतो.

आम्ही गाठीच्या ब्लॉकबरोबर काखेतल्या गाठीचाही मागवला. कारण साधं आहे. फॉर्मेलिन मांसात तासाला साधारण १ मिलिमीटर शिरतं. अख्खा स्तन न कापता छोट्या बरणीत कोंबून रात्रभर ठेवला, तर मधली गाठ फॉर्मेलिन पोचायच्या आत आतल्या आत खराब व्हायला लागते. नमुना तासाभरात फॉर्मेलिनमध्ये जावा, ५ मिलिमीटरचे काप द्यावेत, फॉर्मेलिन नमुन्याच्या दहापट असावं, आणि एकूण वेळ ६ ते ७२ तासांत राहावी, हा नियम. लहान दवाखान्यात ऑपरेशन संध्याकाळी होतं आणि लॅबचा माणूस सकाळी येतो. काखेतली गाठ लहान असते, ती सगळीकडून नीट पक्की होते. तिच्यात आजार असेल तर फिशसाठी ती जास्त भरवशाची ठरते.

काकूंचे दीर ब्लॉक घेऊन आले. मे महिना होता, म्हणून त्यांना आधीच सांगितलं होतं: डबीत कापूस घालून ब्लॉक अंगावरच्या पिशवीत ठेवा, बसच्या काचेपाशी नको. उन्हात तापलेल्या जागी मेण मऊ पडतं.

दरम्यान पाठदुखीसाठी थांबायचं कारण नव्हतं. एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब नव्हता, पायांत ताकद होती, लघवीवर ताबा होता. अशा मणक्याला ८ ग्रेचं (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) एकच रेडिएशन देता येतं. दहा दिवसांत ३० ग्रे दिलं तरी दुखणं तेवढंच कमी होतं. फरक एवढाच की एकदाच दिलेल्यांत पुढे पुन्हा द्यावं लागण्याचं प्रमाण जास्त. बुऱ्हाणपूरच्या माणसासाठी दहा दिवस म्हणजे इंदुरात खोली, जेवण आणि जाऊबाईंचा शिलाईचा बुडालेला रोज. काकूंना एकदाच दिलं. पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, हे आधी सांगावं लागतं. नाहीतर ‘लाइट दिली आणि बिघडलं’ असं होतं.

फिशमध्ये किमान २० पेशी मोजतात. हर-टू आणि १७व्या गुणसूत्राच्या खुणेचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि पेशीमागे हर-टूच्या सरासरी ४ किंवा जास्त प्रती असल्या की पॉझिटिव्ह. काकूंचा रिपोर्ट स्पष्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे हर-टूवरचं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, त्यांना लागू होतं. निगेटिव्ह आला असता तरी त्या ट्रिपल निगेटिव्ह ठरल्या नसत्या. ईआर पॉझिटिव्ह आजाराला पॅल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये पॅल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या पुष्कळ कमी भावात आल्या. म्हणजे दोन्ही बाजूंनी तो हाडाचा कागद त्यांना चुकीच्या रस्त्याला लावत होता.

मंजुरीला अडचण आलीच. आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण दाखल होण्याआधीच्या फक्त ३ दिवसांच्या तपासण्या त्यात बसतात. फिश ओपीडीतली, म्हणजे खिशातून. ते पैसे आम्ही गरीब रुग्ण निधीतून भरले. मग योजनेकडून क्वेरी आली: ताज्या बायोप्सीत हर-टू शून्य आहे, तर ट्रॅस्टुझुमॅब कशासाठी? अशा क्वेरीला ‘पेशंटला गरज आहे’ हे उत्तर चालत नाही. पॅथॉलॉजिस्टकडून चार ओळी घेतल्या (हाडाचा नमुना ॲसिडात, म्हणून अविश्वसनीय, काखेच्या ब्लॉकवर फिश पॉझिटिव्ह), त्यावर डॉक्टरांची सही, सोबत एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि दोन्ही रिपोर्ट. मंजूर झालं.

काकूंचं वजन ४८ किलो. पहिला डोस किलोला ८ मिलिग्रॅम, म्हणजे ३८४. पुढे दर तीन आठवड्यांनी किलोला ६, म्हणजे २८८. कुपी ४४० मिलिग्रॅमची. सोबत येणाऱ्या प्रिझर्व्हेटिव्हच्या पाण्यात, २० मिलीमध्ये, ती मिसळली तर फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर २८ दिवस चालते. साध्या स्टराइल पाण्यात मिसळली तर लगेच वापरावी लागते आणि उरलेलं फेकावं लागतं. आमच्या फार्मासिस्ट ताई कुपीवर उघडल्याची तारीख जाड मार्करने लिहितात. हिशोब असा: पहिले चार डोस मिळून १,२४८ मिलिग्रॅम, तीन कुप्या मिळून १,३२०. दर वेळी नवी कुपी फोडली तर चार लागतील. योजनेच्या पॅकेजच्या मर्यादेत वर्ष काढायचं असेल तर या एका कुपीला फार किंमत आहे. कुपी हलवून फेस करायचा नाही, आणि सलाइन साधं, डेक्स्ट्रोजचं नाही.

सोबतची कीमो कुठली, यावर बराच विचार झाला. दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल अंगाला सोसतं, पण दर आठवड्याला बुऱ्हाणपूरहून येणार कोण? तीन आठवड्यांचं डोसेटॅक्सेल घेतलं तर एकाच फेरीत दोन्ही औषधं होतात. त्याची किंमत म्हणजे पांढऱ्या पेशी जास्त पडतात. ताप १००.४च्या वर गेला तर इंदूरची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात त्याच रात्री जायचं, यासाठी हिंदीत एक चिठ्ठी फाइलला टाचली: कोणती कीमो, कधी, कोणती तपासणी, अँटिबायोटिक लगेच. डोसेटॅक्सेलची रिॲक्शन टाळायला डेक्सामेथासोनच्या ८ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, आदल्या दिवशीपासून तीन दिवस. त्या घरूनच सुरू व्हाव्या लागतात. विसरल्या तर फेरी वाया जाऊ शकते, म्हणून आदल्या सकाळी मी जाऊबाईंना फोन करते.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम, दर महिन्याऐवजी १२ आठवड्यांनी. अंतर वाढवल्याने फ्रॅक्चरसारखे त्रास वाढत नाहीत, हे अभ्यासात दिसलेलं आहे. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि दात बघायचे. काकूंची एक दाढ किडलेली होती, ती काढून हिरडी भरेपर्यंत इंजेक्शन थांबवलं. हे इंजेक्शन चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडू शकतं.

एक गोष्ट मिळाली नाही. ट्रॅस्टुझुमॅब आणि डोसेटॅक्सेलला पेर्टुझुमॅबची (हर-टूवरच्याच दुसऱ्या औषधाची) जोड दिलेल्या मोठ्या चाचणीत आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ, ४०.८ महिन्यांवरून ५६.५ वर गेला होता. काकूंच्या घराला तो खर्च झेपणारा नव्हता आणि त्यासाठी देणगीदार सापडला नाही. डॉक्टरांनी त्यांना हे लपवलं नाही. काकू म्हणाल्या, “जे मिळतंय ते तारखेला द्या म्हणजे झालं.” दीर मुंबईला टाटाला न्यायचं म्हणत होते. त्यांना रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून दिला: स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण माफी, सोबतच्याला ७५ टक्के. पण स्लाइड्स आणि फिशचा रिपोर्ट घेऊन फक्त दुसरं मत घ्या, तोवर इथलं औषध थांबवू नका, असं बजावलं.

चौथ्या डोसच्या आधी जाऊबाईंचा फोन आला. “म्याडम, पुतण्याचं लग्न आहे भुसावळला, इंजेक्शन बाराला आणि हळद तेराला. वैनी नाही आल्या तर कसं दिसेल?” मी फार्मासिस्ट ताईंना विचारलं. आठवड्याच्या आत उशीर झाला तर नेहमीचाच २८८चा डोस. आठवडा उलटला तर पुन्हा पहिल्यासारखा ३८४, दीड तासात हळू द्यायचा. आणि फ्रिजमधल्या तिसऱ्या कुपीत ३६० मिलिग्रॅम उरलेलं होतं, तिचे २८ दिवसही एकोणीसलाच संपत होते. लग्न चौदाला करून सोळाला या, डेक्साच्या गोळ्या पंधराला सुरू करा, आणि तीन महिन्यांचा एको बुऱ्हाणपुरातच काढून आणा, असं सांगितलं. सोळाला दोघी पहाटेच्या बसने आल्या. गोळ्या बरोबर घेतलेल्या, एकोचा कागद मात्र भुसावळला लग्नघरी राहिलेला. दिरांनी मोबाइलवर फोटो पाठवेपर्यंत अकरा वाजले.