पाटापासून माटोळीपर्यंत

वर्षभर सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करून हाताला काय लागले, असे कुणी विचारले तर मी आधी धार सांगेन. पटाशी, म्हणजे सुताराची रुंद छिन्नी, २५ अंशांत घासायची आणि टोकाशी ३० अंशांची बारीक कड काढायची. मग ती सागात जिथे ठेवाल तिथेच उतरते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती भलतीकडे घसरते. सुरुवातीचे महिने वस्तू कमी झाल्या, दगडावर घासणेच जास्त. ते गरजेचेच होते.

बाकीचे मला आमच्या हवेने शिकवले. मे महिन्यात सागाच्या ३० सेंटिमीटर रुंद फळीवर मी पेन्सिलीने माप लिहून ठेवले होते. ऐन पावसात, जुलैमध्ये, तीच फळी मोजली तर रुंदी सुमारे २ मिलिमीटर वाढलेली, लांबी मात्र होती तेवढीच. लाकूड आपल्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, आडवे फुगते आणि आकसते. गोव्यातल्या फोंड्यासारख्या दमट ठिकाणी हे विसरून चालत नाही.

फणसाचा पाट केला तेव्हा खालच्या दोन पट्ट्या फळीच्या रेषांना आडव्या बसवायच्या होत्या. त्या फेविकॉलने पूर्ण चिकटवल्या तर फळीला हलायला जागा उरत नाही, ती तडकते. शेजारच्या मेस्तांनी (सुतारांनी) उपाय दाखवला: मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंना लांबट भोके. पाट वाकला नाही की चिरला नाही. रंधा मारला तेव्हा फणस हळदीसारखा पिवळा निघाला होता, आता तो तपकिरीकडे झुकू लागला आहे.

सगळ्यात मन लावून केलेले काम म्हणजे चवथीची माटोळी. गणपतीच्या वर टांगायची ही चौकट. नारळ, सुपारीचे घोस, तवशी, रानातली फळे असे सगळे वजन तिच्यावर. पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथे प्रत्येकीत अर्ध्या जाडीची खाच घेतली. श्रावणात लाकूड फुगलेले असते, तेव्हा बसलेला सांधा उन्हाळ्यात सैल होणार हे आता ठाऊक होते. म्हणून प्रत्येक सांध्यात भोक पाडून लाकडी खुंटी ठोकली. आईने टांगण्याआधी दोन्ही हातांनी चौकट ओढून पाहिली आणि नारळ बांधायला घेतले. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

म्हार्दोळच्या महालसा देवळातले कोरीव लाकडी खांब लहानपणापासून पाहतो आहे. हल्ली तिथे गेलो की नक्षीआधी सांधे शोधतो.

यंदा ओढायच्या खणांचे कपाट करायचे आहे. फळ्या मधे पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवल्या आहेत. मापे मी उन्हाळ्यात घेईन आणि प्रत्येक खणाच्या उंचीत पावसाळ्यापुरती फट सोडेन.