वस्तीच्या हवेसाठी सीएसआर निधी: माझा अनुभव

पालापाचोळा आणि कचरा जाळणं थांबवायचं आणि हवा मोजत राहायचं, या कामासाठी आमच्या संस्थेनं सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, मिळवला. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे पैसे महापालिकांकडे जातात, नागरिकांच्या गटाच्या खात्यात येत नाहीत. म्हणून ज्याखाली कंपन्या सीएसआरचा खर्च करतात ते कंपनी कायद्यातलं कलम १३५ हा आमच्यासारख्यांचा रस्ता. सीएसआरमध्ये कोणती कामं बसतात याची यादी असलेल्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत माती, हवा आणि पाण्याची गुणवत्ता राखण्याचा उल्लेख आहे. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदातच तो द्यावा, कारण कंपनीच्या समितीला प्रत्येक खर्च याच अनुसूचीत बसवून दाखवावा लागतो.

कागदपत्रांत नोंदणीकृत न्यास किंवा संस्था, आयकराची १२ए (संस्थेच्या करसवलतीचं) आणि ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीचं) ही दोन्ही प्रमाणपत्रं आणि अशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. मग सीएसआर-१ अर्ज, म्हणजे असा निधी घेणारी संस्था म्हणून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी. १ एप्रिल २०२१ पासून हा नोंदणी क्रमांक आवश्यक झाला. अर्जावर विश्वस्ताची डिजिटल सही आणि सीएचं प्रमाणीकरण हवं. गाडी बहुधा विश्वस्तांच्या नावांवर अडते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला, तर शेड्यूल वनच्या (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीच्या) उताऱ्यावर जुनी नावं आणि बँकेत नवी, आणि कंपनीची छाननी तिथेच थांबते. गट नवा असेल तर ३ वर्षं पूर्ण झालेल्या संस्थेबरोबर करार करून तिच्यामार्फत अर्ज करावा.

अंदाजपत्रकात सगळे दर जीएसटीसह धरा. न्यासाला तो परत मिळत नाही. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाला आहे. आमच्या समन्वयकाचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च, आणि तो वेगळ्या ओळीत ठामपणे मांडावा. हवा मोजणारे सेन्सर, पाला जाळण्याऐवजी साठवायचे जाळीचे पिंजरे यांची मालकी कोणाची, हेही करारात लिहून घ्यावं. सीएसआरच्या पैशातून झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या नावावरही ती करू नये, कारण ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, न्यास किंवा संस्था म्हणून नाही. सीएसआर क्रमांक असलेल्या न्यासाच्या नावावर ती राहू शकते.

सगळ्यात जास्त विचार करायला हवा तो उद्दिष्टाच्या वाक्यावर. ‘पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म धूलिकण) इतक्या टक्क्यांनी कमी करू’ असं कधीही लिहून देऊ नये. गल्लीतल्या हवेत शेजारच्या रस्त्याचा धूर, बांधकामांची धूळ आणि ऋतू हे सगळं मिसळलेलं असतं. निधी जूनमध्ये आला, पावसाळ्यात पहिली मोजणी झाली आणि अहवाल मार्चमध्ये दिला, तर काम उत्तम होऊनही हवा बिघडलेली दिसते, कारण पावसानं धुतलेल्या हवेची तुलना थंडीशी होते. उलट दिशेनं तुलना केली तर न केलेल्या कामाचं श्रेय पदरात पडतं, आणि तेही तितकंच खोटं. मूळ मोजणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी आणि पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडावी. हे एका आर्थिक वर्षात बसत नाही, म्हणून प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्यावा. मग न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढची ३ वर्षं वापरता येते. वचन द्यायचं ते आपल्या हातातल्या गोष्टींचं: जाळण्याच्या किती जागा बंद झाल्या, किती पिंजरे भरले, रात्रपाळीच्या किती रखवालदारांना शेकोटीऐवजी विजेचा हीटर मिळाला. हीटरसाठी सोसायटीची वीजबिलाबद्दलची लेखी संमती आधी घ्यावी.

स्वस्त लेझर सेन्सर दमट हवेत जास्त आकडा दाखवतात, कारण फुगलेला कणही त्यांना मोठा दिसतो. बसवण्याआधी सगळे दोन आठवडे सरकारी स्वयंचलित हवा-मापन केंद्राशेजारी ठेवून आकडे जुळवावेत. शेवटी पुन्हा तसंच करावं. त्यासाठी परवानगीचं पत्र प्रस्तावासोबतच मागावं. जागा जमिनीपासून साधारण तीन मीटर उंच, तंदूर, जनरेटर आणि एक्झॉस्ट पंख्यापासून लांब. अ‍ॅडॉप्टर, सिमचं रिचार्ज, धुळीनं अडकणारा छोटा पंखा आणि एखाददुसरा राखीव सेन्सर यांचे पैसे सुरुवातीलाच मागून ठेवावेत, मध्येच ते मिळणं अवघड असतं.

दुसरा हप्ता सीएच्या उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याशिवाय) येत नाही. त्यामुळे प्रकल्पाची खतावणी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी, आणि प्रत्येक बिलावर अंदाजपत्रकातल्या ओळीचा क्रमांक पेननं लिहावा.