रेसिंग सप बोर्डची रुंदी ठरवताना: माझा अनुभव

सप म्हणजे उभं राहून पॅडलने वल्हवायचा बोर्ड. शर्यतीसाठी चौदा फुटी रेसिंग बोर्ड घ्यायचा हे ठरवायला मला काहीच वेळ लागला नाही. तो किती रुंद घ्यायचा, यात मात्र अख्खा मोसम गेला. विचार करण्यात गेला असता तर वाईट वाटलं नसतं. तो गेला एक साधं माप आणि एक धड चाचणी मिळवण्यात. त्याची चीड अजून उतरलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

लांबीचं आधी उरकते. बहुतेक मोठ्या स्पर्धांमध्ये 14 फूट ही कमाल मर्यादा असते. 12 फूट 6 इंचांचा वर्ग एकेकाळी जोरात होता, आता तो मागे पडला आहे. लांब बोर्डचा फायदा असा, की पाण्यात टेकलेली लांबी जितकी जास्त, तितका बोर्ड स्वतःच उठवलेल्या लाटेत उशिरा अडकतो. नौकाबांधणीतला जुना ठोकताळा आहे: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, की वेग नॉटमध्ये मिळतो. 14 फुटांना साधारण 5 नॉट, म्हणजे ताशी 9.3 किलोमीटर, साडेबारा फुटांना ताशी 8.8 किलोमीटर. अरुंद बोर्ड हा वेग ओलांडतात, पण तिथून पुढे प्रत्येक पावकिलोमीटरसाठी खूप जास्त दम लागतो. मुलं आणि अगदी हलकी माणसं सोडली तर 14 घ्या आणि पुढे चला.

आता रुंदी. माझं वजन 68 किलो, उंची 168 सेंटिमीटर. माझ्यासमोर 23 आणि 25 इंच असे दोन पर्याय होते. दोन इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पण बोर्ड आडवा डोलताना तुम्हाला सावरणारा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 23 वरून 25 ही वाढ जेमतेम 9 टक्क्यांची, स्थैर्यात पडणारा फरक मात्र सुमारे 28 टक्क्यांचा. म्हणून रेसिंग बोर्ड अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने बनवतात आणि म्हणूनच हा निर्णय अंदाजाने घ्यायचा नसतो.

मी ज्या विक्रेत्याकडून बोर्ड घेणार होते, त्याच्याकडे माप सुचवणारा फॉर्म होता. वजन, उंची आणि 'नवशिके, मध्यम, तज्ज्ञ' यांपैकी एका चौकटीत खूण. बस, एवढंच. 'मध्यम' भरलं की फॉर्म 26 इंच सांगायचा, 'तज्ज्ञ' भरलं की 22. कुठल्या पाण्यात वल्हवता, बाजूने लाट येते का, शर्यतीत वळसे किती, किती वेळ सलग उभ्या असता, यातलं काहीही विचारलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं सरोवरात सरळ रेषेत वल्हवणारा माणूस आणि लाटांच्या उघड्या पाण्यात दोन वर्षं काढलेला माणूस, दोघंही त्या फॉर्मला 'मध्यम'च. मी फोन करून हे विचारलं तर उत्तर आलं, फॉर्म भरा.

त्याहून मोठी अडचण अशी, की माहितीपत्रकात छापलेली रुंदी ही बोर्डची सर्वांत जास्त रुंदी असते. ती बहुतेक वेळा वरच्या कडेला, पाण्याच्या बरीच वर भरते. तुम्हाला उभं ठेवणारी रुंदी असते ती पाण्याच्या रेषेवरची, आणि ती कुणी छापत नाही. पोट गोलाकार असलेला 25 इंची बोर्ड पाण्यात 22 इंच टेकलेला असू शकतो, आणि सपाट पोटाचा, उभ्या कडांचा 23 इंची बोर्ड जवळजवळ पूर्ण 23 इंच. म्हणजे दोन वेगवेगळ्या बनावटींच्या छापील रुंदीची तुलना करून काहीच हाती लागत नाही. मी विक्रेत्याला लिहून विचारलं: माझ्या वजनाला पाण्याच्या रेषेवरची रुंदी किती, आणि टेलपासून, म्हणजे मागच्या टोकापासून, 1 फुटावर रुंदी किती? उत्तरात तेच माहितीपत्रक परत आलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बोर्ड त्यांच्या दारात उभा होता. मोजपट्टी लावून टेलची रुंदी सांगायला एक मिनिट लागलं असतं.

लिटरच्या आकड्यानेही असाच गोंधळ होतो. पत्रक म्हणतं 255 लिटर, दुसरं म्हणतं 285, आणि विक्रेता सांगतो की जास्त लिटर म्हणजे जास्त स्थिर. हे खरं नाही. मी 68 किलो, बोर्ड 12 किलो, जॅकेट, लीश (बोर्डला पायाशी बांधणारी दोरी) आणि पाणी मिळून 2 किलो, असं 82 किलो झालं, की बोर्ड साधारण 82 लिटर पाणी बाजूला सारतो. बाकीचं सगळं आकारमान पाण्याच्या वर असतं. दोन पत्रकांतल्या फरकाचे ते 30 लिटर नोजच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, जाडीत घातलेले असतील तर समोरची लाट फोडायला उपयोगी पडतील. पायाखाली घातलेले असतील तर तुम्ही नुसत्या उंच उभ्या राहाल आणि जास्त डोलाल. म्हणून खोलगट डेकचे (डेक म्हणजे बोर्डची वरची बाजू) बोर्ड निघाले. त्यात उभं राहायची जागा खाली घेतलेली असते आणि गुरुत्वमध्य उतरतो. माझ्या अनुभवात खोलगट डेकचा 23 इंची बोर्ड सपाट डेकच्या 24 इंचीइतका निवांत वाटला. पण त्यात पाणी साचतं, तेव्हा निचऱ्याची भोकं किती मोठी आहेत हे नीट बघा. आणि शर्यतीत बोयभोवती (वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगणारा फुगा) वळताना मागे पाऊल टाकायचं असतं तेव्हा त्या खड्ड्यातून पाय वर उचलावा लागतो, याची सवय करावी लागते.

इतकं सगळं असताना उपाय एकच, बोर्डवर उभं राहून बघणं. त्यासाठी चाचणीची वेळ मागितली. वाट बघितली. तारीख मिळाली, मग वाऱ्यामुळे पुढे गेली. वाऱ्यामुळे! मला वाऱ्यातच बघायचा होता. शेवटी गेले तर 23 इंची बोर्ड तिथे नव्हताच. "26 आहे, त्यावरून अंदाज घ्या," असं मला सांगण्यात आलं. पुन्हा तारीख, पुन्हा वाट. दुसऱ्या वेळी 23 मिळाला, तो धक्क्याच्या आडोशाला, सपाट पाण्यात, पंधरा मिनिटांसाठी. खाली कुठलीतरी आखूड फिन (बोर्डच्या पोटाखाली मागे लावायचं पातं) लावलेली. ताज्या पायांनी, सपाट पाण्यात, पंधरा मिनिटं जवळजवळ कुठल्याही बोर्डवर उभं राहता येतं. त्यातून काय कळणार? विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "बघा, पडला नाहीत, म्हणजे हाच तुमचा." मी त्या दिवशी बोर्ड घेतला नाही आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

फिनचं इथेच सांगून टाकते, कारण हे कुणीच सांगत नाही. खोल, मोठ्या पृष्ठभागाची फिन आडवं डोलणं बरंच शांत करते. तेव्हा दोन बोर्डांची तुलना करताना दोन्हींना एकच फिन लावा. बहुतेक रेसिंग बोर्डांना यूएस बॉक्स, म्हणजे फिन बसवायची ठरावीक मापाची खाच, असते, त्यामुळे आपली फिन, तिचा स्क्रू आणि चकती पिशवीत घेऊन जा. शेवाळ असलेल्या पाण्यात मागे झुकलेली फिन लागते, तिच्यावर तोच बोर्ड थोडा वेगळा वाटतो.

मला मार्ग मिळाला तो क्लबातल्या माणसांकडून. शर्यत संपली की लोक बोर्ड धुऊन सावलीत ठेवतात आणि गप्पा मारत बसतात. तेव्हा विचारा. मला एकानेही नाही म्हटलं नाही. 23, 24, 24.5, 25, सपाट डेक, खोलगट डेक, स्टारबोर्ड कंपनीचे ऑल स्टार आणि स्प्रिंट, असं बरंच काही लोकांनी हातात दिलं. स्प्रिंट संथ पाण्यासाठी आणि ऑल स्टार मिश्र पाण्यासाठी आखलेला आहे, हे मी वाचलं होतंच; पण बाजूने लाट आल्यावर दोन्हींवर पाय किती वेगळं काम करतात ते उभं राहिल्यावरच कळलं.

माझी पद्धत अशी बसली. आधी स्वतःच्या जुन्या बोर्डवर तासभर वल्हवायचं, पाय थकवायचे, आणि मग नव्या बोर्डवर चढायचं. ठरलेल्या अंतरावर जायचं आणि परत यायचं, म्हणजे वारा आणि प्रवाह दोन्ही बाजूंनी मोजले जातात. पॅडल तेच, हृदयाचे ठोके शक्यतो तेवढेच, वेळ जीपीएस घड्याळावर. आणि वेळेइतकंच महत्त्वाचं, पुढे खेचण्याऐवजी नुसतं सावरण्यासाठी पाण्यात टेकवलेले फटके मोजायचे. माझ्या बाबतीत इथेच निकाल लागला. संथ पाण्यात 23 इंची बोर्ड थोडासा वेगवान होता. लाट बाजूने आली, की तो थोडासा वेग सावरण्यात खर्च व्हायचा आणि 24.5 पुढे जायचा. आणि बोयला वळताना, मागे सरकून टेल बुडवली की अरुंद टेलचा बोर्ड पायाखालून निसटायचा. मी 24.5 घेतला, रुंद टेलचा, उभ्या कडांचा. तुमच्या शर्यती कालव्यात किंवा नदीवर सरळ असतील तर माझा निर्णय उचलू नका, अरुंद घ्या.

पाण्याच्या रेषेवरची रुंदी शेवटी मीच मोजली. तुम्ही बोर्डवर उभं राहायचं, मैत्रिणीने मागून पाण्याच्या पातळीवरून फोटो काढायचा. छापील रुंदी माहीत असते, त्या प्रमाणात फोटोवरून हिशोब लागतो. अगदी अचूक नाही, पण दोन बोर्डांत कुठला जास्त टेकतो ते स्पष्ट दिसतं.

हवा भरून फुगवायच्या बोर्डबद्दल खूपजण विचारतात. आयसीएफच्या (आंतरराष्ट्रीय कनू महासंघाच्या) जागतिक स्पर्धेत त्यांच्या वेगळ्या शर्यती असतात आणि वाहतुकीला ते सोपे आहेत. दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपर्यंत पूर्ण भरा. कमी भरलेला बोर्ड मध्ये वाकतो आणि प्रत्येक फटक्याला उसळतो. पण टणक बोर्डशी त्यांच्या वेळेची तुलना करून निराश होऊ नका.

पॅडल. इथे काम भराभर झालं, कारण तोवर कुणावर विसंबायचं नाही हे मी ठरवलं होतं. उंचीपेक्षा 8 ते 10 इंच जास्त, हा जुना सल्ला सगळीकडे मिळतो. मी आधी कमी-जास्त करता येणारं पॅडल घेऊन काही आठवडे वल्हवलं आणि दर वेळी थोडी लांबी बदलली. उंचीपेक्षा 7 इंच जास्त, म्हणजे साधारण 186 सेंटिमीटरवर माझा वरचा खांदा दुखायचा थांबला आणि ब्लेड तरीही पूर्ण बुडत होतं. अर्धवट बुडालेलं ब्लेड हवा ओढतं आणि जोर फुकट जातो, तेव्हा फार आखूडही नको. लक्षात ठेवा, लांबी बोर्डवर अवलंबून असते: खोलगट डेकवर तुम्ही खाली उभ्या असता, पॅडल इंचभर कमी लागतं. म्हणून आधी बोर्ड, मग पॅडलचा दांडा मापाला कापणं.

ब्लेड मी 82 चौरस इंचांचं घेतलं, म्हणजे सुमारे 530 चौरस सेंटिमीटर. त्याच विक्रेत्याने 90 पुढे केलं होतं, 'उंची बघून'. मोठ्या ब्लेडने सुरुवातीला जोरदार वाटतं. लांब पल्ल्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागात फटक्यांची गती कोसळते. ब्लेडचा निर्णय तिथे घ्या, सुरुवातीच्या रेषेवर नाही. दांडा फार कडक असेल तर तो धक्का कोपर आणि खांद्यापर्यंत पोचतो; मी मध्यम लवचीक घेतला आणि त्यावर समाधानी आहे. ब्लेड दांड्याला साधारण 10 अंशांच्या कोनात असतं आणि ते पुढे, नोजकडे झुकलेलं धरायचं. नवे लोक हमखास उलटं धरतात आणि मग पॅडल वाईट आहे म्हणतात.

कापताना आधी इंचभर जास्त ठेवा. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा, बारीक दात्यांची करवत वापरा, कार्बनची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका, मास्क लावा. मूठ गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने बसवा, इपॉक्सीने नाही. बोर्ड बदलला किंवा लांबी पटली नाही, तर हेअर ड्रायरने दांड्याचं टोक गरम करून मूठ काढता येते. मूठ बसवताना ती ब्लेडच्या रेषेत आहे ना, हे गोंद थंड होण्याआधी दांड्यावरून एक डोळा मिटून बघा; तेवढ्यातच ती फिरवून सरळ करता येते.